घरगुती ऑक्सिजनचे क्लेम : दुरुस्त करूनही दर महिन्याला परत का येतात?

परवा रात्री अडीचच्या सुमारास आमच्या टीममधला नवा मुलगा प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलापाशी आला. चेहरा पडलेला.

"ताई, सतरा क्लेम रिजेक्ट. त्यातले चौदा मागच्या महिन्यात मीच दुरुस्त करून पाठवले होते. पासही झाले होते."

"दुरुस्त केले म्हणजे नेमकं काय केलंस?"

"क्लेम उघडला, चूक काढली, सेव्ह केला, पाठवला."

इथेच घोडं पेंड खातं.

मी फोंड्याची, नोकरी पर्वरीला. अमेरिकेत पेशंटच्या घरी ऑक्सिजनची मशीनं पोचवणारे सप्लायर असतात, त्यांची बिलं, म्हणजेच क्लेम, आम्ही इथून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मेडिकेअरला, म्हणजे तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, पाठवतो. नऊ वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी नवी बॅच येते आणि याच खड्ड्यात पडते. तोंडाने तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून आता लिहूनच काढते. खाली जे आहे ते मूळ, म्हणजे सरकार स्वतः चालवतं त्या, मेडिकेअरपुरतं. खाजगी विमा कंपन्यांचे नियम ज्याचे त्याचे वेगळे.

ऑक्सिजनच्या क्लेमचा स्वभाव आधी समजून घ्या. काठीचं किंवा वॉकरचं बिल एकदा गेलं की विषय संपला. ऑक्सिजनचं मशीन मेडिकेअर विकत घेत नाही, ते भाड्याने घेते. दर महिन्याला एक क्लेम, असे ३६ महिने. आणि दर महिन्याचा हा क्लेम कुणी हाताने टाइप करत नाही. सॉफ्टवेअर पेशंटच्या मूळ रेकॉर्डमधून माहिती उचलतं आणि ठरलेल्या तारखेला नवा क्लेम पाडतं. चूक मूळ रेकॉर्डमध्ये असेल तर तुम्ही क्लेम कितीही चकाचक केलात तरी पुढच्या महिन्याचा क्लेम जुनीच चूक घेऊन जन्माला येणार. कौल सरकलंय आणि आपण खाली बालदी ठेवतोय, असा हा प्रकार. बालदी ठेवावी लागते हे खरं, पण पाऊस थांबल्यावर शिडी लावून वर कुणीतरी चढायला हवं ना.

तर आधी बघायचं ते हे, की क्लेम कुठल्या दारात अडला. कोड वाचण्याच्याही आधी.

आपण पाठवतो ती फाइल ८३७ पी, आवृत्ती ५०१०. घरगुती उपकरणांच्या मेडिकेअर फाइली सीईडीआय नावाच्या एकाच दारातून आत जातात आणि तिथून चार विभागांत वाटल्या जातात. ए आणि डी नोरिडियनकडे, बी आणि सी सीजीएसकडे. या दोन कंपन्या मेडिकेअरसाठी क्लेम तपासतात. विभाग ठरतो तो पेशंटच्या कायमच्या पत्त्यावरून. सप्लायरचं दुकान कुठे आहे याचा इथे संबंध नाही. परतीच्या वाटेवर आधी फाइलीची पोच देणारे टीए१ आणि ९९९ येतात, मग २७७ सीए, आणि शेवटी पैशांचा हिशेब सांगणारं ८३५.

९९९ मध्ये 'ॲक्सेप्टेड' दिसलं की नवी मुलं खुर्चीत रेलून बसतात. अरे बाबांनो, ९९९ म्हणजे पाकिटावरचं अक्षर वाचता आलं, एवढंच. आतलं पत्र अजून कुणी उघडलेलंच नाही. प्रत्येक क्लेमचं खरं उत्तर २७७ सीए मध्ये असतं. तिथे ए२ दिसलं तर क्लेम तपासणीसाठी आत गेला. ए३, ए६, ए७, ए८ यांपैकी काही दिसलं तर तो उंबऱ्यावरूनच माघारी फिरला. याला म्हणायचं रिजेक्शन. क्लेम आत गेला, तपासला गेला आणि ८३५ मध्ये पैसे नाकारले गेले, तर ते डिनायल.

हा फरक शब्दांचा कीस पाडण्यासाठी नाही. रिजेक्ट झालेला क्लेम मेडिकेअरच्या दृष्टीने कधी आलाच नव्हता, त्यामुळे तो सुधारून सरळ नव्याने पाठवायचा. डिनाय झालेला क्लेम मात्र तसाच पुन्हा पाठवलात तर १८ नंबर कपाळी येतो, म्हणजे डुप्लिकेट. तिथे रीओपनिंग (तपासलेला क्लेम पुन्हा उघडून बारीक चूक सुधारून घेणं) किंवा अपील हाच रस्ता, आणि पहिल्या अपिलाला १२० दिवसांची मुदत. अपवाद एकच. ८३५ वर एमए१३० हा शेरा असेल, तर क्लेम अपुरा म्हणून तपासलाच गेलेला नाही. त्यावर अपील चालत नाही, नवा क्लेमच लागतो. आणखी एक. खाजगी कंपन्यांना सुधारित क्लेम पाठवताना आपण फ्रीक्वेन्सी ७ (म्हणजे 'आधीच्या क्लेमच्या जागी हा घ्या') टाकतो. ती सवय मेडिकेअरच्या फाइलीत आणू नका, तिथे कायम १, म्हणजे नवा क्लेम.

आता दारं एकेक करून.

पहिल्या दारातल्या, म्हणजे टीए१ आणि ९९९ च्या, भानगडी थोड्या, पण एका झटक्यात अख्खी फाइल पाडणाऱ्या. ८३७ फाइलीत तारा आणि नागमोडी रेघ ही दोन चिन्हं सहसा विभाजक म्हणून वापरलेली असतात. पत्त्यात किंवा नोटमध्ये कुणी हौसेने तारा टाकला की पुढची सगळी गणितं एक घर सरकतात. वर्डमधून कॉपी केलेली वाकडी अवतरणचिन्हंही तसलीच. ही चिन्हं रेकॉर्डमधूनच काढा.

दुसरी भानगड खास आपल्याकडची. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला, वीज गेली, इन्व्हर्टरवर यायला चार सेकंद लागले आणि नेमकी तेव्हाच फाइल अपलोड होत होती. गेली की नाही? कळत नाही म्हणून मुलगा पुन्हा पाठवतो. पहिली पोचलेली असेल, तर दुसरी तोच कंट्रोल नंबर (फाइलीचा ओळख क्रमांक) घेऊन जाते आणि आपटते. त्याहून वाईट म्हणजे कुणी हुशारीने नंबर बदलून पाठवतो. मग दोन्ही फाइली आत जातात आणि दोन आठवड्यांनी डुप्लिकेटचा ढीग येतो. अपलोड अर्धवट वाटलं तर हात बांधून बसा, टीए१ किंवा ९९९ ची वाट बघा, तोवर चहा घ्या. शंका राहिलीच तर सीईडीआयच्या हेल्पडेस्कला विचारा. पुन्हा पाठवायचं बटण सगळ्यात शेवटी.

तारखेचा घोळ सापडायला तर मला स्वतःला चार महिने लागले होते, त्यामुळे तो जरा सविस्तर सांगते.

एका क्लायंटचे, म्हणजे सप्लायरचे, काही क्लेम दर महिन्याच्या एक तारखेला रिजेक्ट व्हायचे. २७७ सीए मध्ये १८७, म्हणजे सेवेच्या तारखेत गडबड. क्लेम उघडून बघावा तर तारीख बरोबर. एक जुलैचं भाडं, तारीख एक जुलै. दोन तारखेला तोच क्लेम, काहीही न बदलता, पुन्हा पाठवला की पास! आम्ही म्हटलं, त्यांच्या सिस्टिमला एक तारखेची ॲलर्जी असावी. तीन महिने हाच विनोद चालला. चौथ्या महिन्यात रिजेक्ट फाइलीची वेळ सहज बघितली, तर रात्रीचे साडेबारा. आपल्या घड्याळात एक जुलै उजाडून अर्धा तास झालेला. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी तीस जूनची दुपार, तीन वाजलेले. कॅलिफोर्नियात तर बाराच. म्हणजे आम्ही मेडिकेअरला उद्याचं भाडं आज मागत होतो. सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं, आणि सॉफ्टवेअर मध्यरात्र झाली की इमानदारीत क्लेम पाडायचं. उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास आपण न्यूयॉर्कच्या पुढे असतो. हे आम्हाला जेवणाच्या सुट्टीसाठी तोंडपाठ होतं, फाइलीसाठी आठवलं नाही. उपाय काय, तर बॅचची वेळ अमेरिकेच्या घड्याळाला बांधली. पाच मिनिटांचं काम.

यावरून एक खूण लक्षात ठेवा. काहीही न बदलता दुसऱ्या दिवशी पास होणारा क्लेम 'आपोआप बरा' झालेला नसतो. त्याचं कारण घड्याळात, फाइलीत किंवा पाठवण्याच्या पद्धतीत असतं, आणि पुढच्या महिन्यात ते परत येतं.

दुसरं दार म्हणजे २७७ सीए. नेहमीचं दुखणं बहुतेक इथेच असतं. कोड तीन तुकड्यांत येतो आणि तो मराठीसारखाच वाचायचा : काय झालं, कशात झालं, कुणाच्या बाबतीत झालं. ए७, ५००, ८५ असं दिसलं तर : माहिती चुकीची, पिनकोडमध्ये, बिल करणाऱ्या सप्लायरच्या. ए७, १६४, आयएल : चुकीची, सदस्य क्रमांकात, विमाधारकाच्या. ए७, ५६२, डीके : चुकीची, एनपीआय नंबरमध्ये (डॉक्टर-सप्लायरांचा राष्ट्रीय ओळख क्रमांक), ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरच्या. नवी मुलं मधलाच तुकडा वाचतात. ५६२ दिसलं की सप्लायरचा एनपीआय तपासत बसतात आणि शेवटचं डीके बघतच नाहीत.

पिनकोडमागे बऱ्याचदा एक्सेल असतं. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, कनेक्टिकट इकडचे पिनकोड शून्याने सुरू होतात. क्लायंटने पेशंटची यादी एक्सेलमध्ये पाठवली, आपण ती उघडली, सेव्ह केली, की पुढचं शून्य गायब आणि पाचाचे चार आकडे. ती यादी सॉफ्टवेअरमध्ये चढवली की एका रात्रीत दोनशे रेकॉर्ड बिघडतात आणि दोष मात्र 'सिस्टिम'चा. तो रकाना आधी टेक्स्ट करा, मग फाइल उघडा. सप्लायरच्या स्वतःच्या पत्त्याला नऊ आकडी पिनकोड लागतो आणि तो पत्ता पोस्टाच्या पेटीचा चालत नाही, हेही तिथेच बघून घ्या.

मेडिकेअरचा सदस्य क्रमांक, म्हणजे एमबीआय, अकरा अक्षरांचा असतो. त्यात एस, एल, ओ, आय, बी, झेड ही सहा अक्षरं कधीच नसतात, कारण ती आकड्यांसारखी दिसतात. म्हणून फॅक्सवर गोल काहीतरी दिसलं आणि 'ओ की शून्य' असा प्रश्न पडला, तर उत्तर शून्यच. उभी रेघ दिसली तर एकच. आठ आणि बी मध्ये आठ. दुसरं, पाचवं, आठवं आणि नववं स्थान नेहमी अक्षराचं असतं, चौथं, सातवं, दहावं आणि अकरावं नेहमी आकड्याचं. कार्डावर छापलेल्या आडव्या रेघा क्लेममध्ये टाकायच्या नाहीत. एवढं माहीत असेल तर अर्धे १६४ फोन न करता सुटतात. आणि कृपा करून पेशंटच्या कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकून 'हे काय आहे?' असं विचारू नका. त्या एका फोटोने नोकरी जाऊ शकते.

डॉक्टरांच्या नावाची गोष्ट आपल्या गोंयकारांना लवकर समजायला हवी. आपल्याकडे आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज थाटाचं स्पेलिंग, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. मग 'वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत' असं ॲफिडेव्हिट करायला वकिलाकडे खेटे घालायचे. मेडिकेअरकडे असलं ॲफिडेव्हिट नाही. ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरांचा एनपीआय आणि नाव त्यांच्या पेकॉस नोंदणीशी, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर-सप्लायर यादीशी, जुळायला हवं. तुलना होते ती पहिल्या नावाच्या पहिल्या अक्षराची आणि आडनावाच्या पहिल्या चार अक्षरांची. त्यामुळे दवाखान्यात सगळे 'बॉब' म्हणतात म्हणून बॉब लिहिलं आणि नोंदणीत रॉबर्ट असेल, तर बी आणि आर जुळत नाही, क्लेम परत. जोडआडनाव असेल तर कुठला भाग आधी ते बघा. आडनावाच्या रकान्यात 'डॉ.' किंवा 'एमडी' चिकटवलेलं असेल तर ते काढा.

इथेही दुरुस्ती क्लेममध्ये नव्हे, डॉक्टरांच्या मास्टर यादीत करायची. एकाच डॉक्टरच्या तीन नोंदी सापडतात : एक बरोबर, दोन चुकीच्या. चुकीच्या नोंदी बंद करा, नाहीतर पुढचा माणूस घाईत त्यांतलीच एक निवडणार. डॉक्टर निवृत्त झाले आणि पेकॉसमधून गेले, तर मात्र आपण काही करू शकत नाही. सप्लायरला कळवून पेशंटच्या आताच्या डॉक्टरांकडून नवी ऑर्डर मागवावी लागते. तिथे दुसऱ्या डॉक्टरचा नंबर 'तात्पुरता' टाकणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका.

आता सीएमएन. ऑक्सिजनसाठी पूर्वी ४८४ नंबरचं वैद्यकीय गरजेचं प्रमाणपत्र क्लेमसोबत जायचं. १ जानेवारी २०२३ पासूनच्या सेवांसाठी ते बंद झालं. नुसतं अनावश्यक झालं असतं तर प्रश्न नव्हता, पण ते जोडलेला क्लेम परत येऊ लागला. त्या जानेवारीत आमच्याकडे मजेशीर चित्र होतं. नवे पेशंट सगळे पास, जुने पेशंट सगळे रिजेक्ट. जुन्यांच्या रेकॉर्डमध्ये ४८४ बसलेलं होतं आणि सॉफ्टवेअर दर महिन्याला ते मागच्या क्लेमवरून उचलून २४४० लूपमध्ये, म्हणजे फाइलीतल्या प्रमाणपत्राच्या भागात, टाकत होतं. एका मुलीने तीन महिने, दर महिन्याला नव्वदेक क्लेममधून ते हाताने काढलं. बिचारी रोज बस चुकवायची. शेवटी पेशंटच्या ऑर्डरमध्ये त्या प्रमाणपत्राला ३१ डिसेंबर २०२२ ही शेवटची तारीख घातली, तेव्हा ते थांबलं. पुढे एका क्लायंटने जुना बॅकअप चढवला आणि भूत पुन्हा उभं राहिलं. म्हणून 'जुने रिजेक्ट, नवे पास' असं दिसलं की आधी रेकॉर्डला चिकटलेलं जुनं काही आहे का ते शोधा.

तिसऱ्या दारात, ८३५ मध्ये, प्रश्न टायपिंगचे राहत नाहीत. इथे थोडी वैद्यकीय समज लागते.

मॉडिफायरपासून, म्हणजे कोडला जोडायच्या दोन अक्षरांपासून, सुरुवात करू. घरातल्या साध्या कॉन्सन्ट्रेटरचा (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन) कोड ई१३९०, भाड्यासाठी आरआर. १ एप्रिल २०२३ पासून ऑक्सिजनला एन१, एन२, एन३ आले. एन१ म्हणजे पहिला गट : रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा कमी, अथवा सॅच्युरेशन ८८ टक्के किंवा कमी. एन२ म्हणजे दाब ५६ ते ५९ किंवा सॅच्युरेशन ८९, आणि सोबत पायांवर सूज आणणारं हृदयाचं दुखणं, फुप्फुसातला वाढलेला रक्तदाब किंवा ५६ च्या वर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) यांपैकी काहीतरी. एन३ मध्ये ऑक्सिजन कमी नसलेले पण त्याचा उपयोग होणारे आजार, उदाहरणार्थ क्लस्टर डोकेदुखी. २०२१ च्या मे महिन्यात आपण सगळेच बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो, त्यामुळे ८८ आणि ८९ मधला एक टक्का कुणाला समजावून सांगायला नको. क्लेममध्ये त्या एका टक्क्यावर गट बदलतो.

आणि गडबड इथेच होते. सॉफ्टवेअर सेट करणाऱ्याने सोय म्हणून सगळ्यांना एन१ ठोकलेलं असतं. रिपोर्टवर ८९ आणि क्लेमवर एन१. आज पैसे येतीलही, पण ऑडिटमध्ये परत जातील. उलट, डिनायल आल्यावर 'एन१ लावून बघू, पास होतो का' असं कुणी म्हणालं तर त्याचा हात धरा. मॉडिफायर हा आपण सही केलेला दावा आहे. तो टेस्टच्या कागदावरून ठरतो, आणि ती टेस्ट सप्लायरने स्वतः केलेली चालत नाही.

प्रवाहाचंही तसंच. डॉक्टरांनी मिनिटाला ४ लिटरपेक्षा जास्त सांगितलं असेल तर क्यूजी, सोबत पोर्टेबलही दिलेलं असेल तर क्यूएफ, १ लिटरपेक्षा कमी असेल तर क्यूई. चारच्या वर भाडं दीडपट, एकच्या खाली निम्मं. दिवसाचा आणि रात्रीचा प्रवाह वेगळा असेल तर त्यांची सरासरी, आणि मॉडिफायर निराळे : क्यूए, क्यूबी, क्यूआर. एकदा फॅक्सवरचा दशांशाचा ठिपका पुसट होता. अर्ध्या लिटरचे पाच लिटर झाले आणि पाच महिने दीडपट भाडं आलं. ते परत करताना क्लायंटच्या मॅनेजरने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. झोपेतच ऑक्सिजन कमी होणाऱ्या पेशंटला पोर्टेबल मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या. ई१३९० पास आणि ई०४३१ (पोर्टेबलचा कोड) डिनाय असं दिसलं तर टेस्ट कुठली होती ते आधी बघा.

मग छत्तिसावा महिना. ३६ भाडी झाली की मेडिकेअर मशीनचं भाडं थांबवते, पण मशीन सप्लायरचंच राहतं आणि साठाव्या महिन्यापर्यंत पेशंटला सेवा द्यावीच लागते. त्या काळात पोर्टेबल सिलिंडरच्या गॅसचं बिल ई०४४३ खाली करता येतं. कॉन्सन्ट्रेटरच्या देखभालीचं बिल एमएस मॉडिफायर लावून, सहा महिन्यांतून एकदा. सॉफ्टवेअरमधला महिन्यांचा काउंटर नीट असेल तर हे आपोआप होतं. पण क्लायंट दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेला असेल तर प्रत्येक पेशंटचा काउंटर एकपासून सुरू झालेला असतो. आपल्या हिशेबाने पेशंट चौदाव्या महिन्यात, मेडिकेअरच्या हिशेबाने सदतिसाव्या. मग दर महिन्याला डिनायल आणि दर महिन्याला अपील, तेही हरणारं. नव्या क्लायंटचा डेटा आला की पहिल्याच आठवड्यात नोरिडियनच्या पोर्टलवर किंवा मायसीजीएसवर पहिल्या भाड्याची तारीख बघून काउंटर जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण चुकवू नका.

१०९ कोड म्हणजे 'हा आमचा पेशंट नाही'. याचा एक हंगाम असतो. अमेरिकेत १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात लोक आपली मेडिकेअर योजना बदलतात आणि बदल १ जानेवारीला लागू होतो. मूळ मेडिकेअर सोडून खाजगी कंपन्या चालवतात त्या ॲडव्हांटेज योजनेत गेलेल्या पेशंटचा जानेवारीचा क्लेम जुन्या पत्त्यावर गेला की १०९. फेब्रुवारीत पुन्हा, मार्चमध्ये पुन्हा. म्हणून जानेवारीची बॅच जाण्याआधी सगळ्या ऑक्सिजन पेशंटची २७० पात्रता तपासणी चालवा, निवडक नको, सगळ्यांची. मूळ मेडिकेअरला क्लेम द्यायला सेवेच्या दिवसापासून एक वर्ष असतं, पण खाजगी योजनांची मुदत बरीच कमी असू शकते. १०९ वर बसून राहणं महागात पडतं.

आणि ज्यात कुणाचीच चूक नसते असं एक कारण. स्वच्छ इलेक्ट्रॉनिक क्लेमचे पैसेही चौदाव्या दिवसाआधी सुटत नाहीत, तसा नियमच आहे. आठव्या दिवशी पैसे दिसत नाहीत म्हणून घाबरून पुन्हा पाठवलेला क्लेम आपणच तयार केलेला डुप्लिकेट असतो.

आता पुन्हा त्या सतरा क्लेमकडे. मी त्याला माझ्या वहीतलं पान दाखवलं. हो, वही. एक्सेल नको. चार रकाने : आपला अंतर्गत पेशंट नंबर, कुठलं दार, कारण काय, आणि दुरुस्ती कुठे केली, क्लेममध्ये की रेकॉर्डमध्ये. चौथ्या रकान्यात 'क्लेम' लिहावं लागलं तर पुढच्या महिन्याच्या पानावर तो नंबर आजच लिहून ठेवायचा, कारण तो येणार आहे. 'रेकॉर्ड' लिहिलं असेल तर आणखी एक पायरी : सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या महिन्याचा क्लेम आत्ताच प्रिव्ह्यूमध्ये पाडून बघायचा. त्यात चूक दिसली नाही तरच ओळीवर टिक.

आम्ही दोघं बसलो. सतरापैकी नऊ एकाच डॉक्टरचे निघाले. मास्टर यादीत त्यांच्या दोन नोंदी, एकीत आडनावाच्या आधी 'डॉ'. एक नोंद बंद केली, नऊही ऑर्डर दुसरीकडे वळवल्या, नऊ प्रिव्ह्यू पाडले, नऊ टिका. चार पिनकोडचे, न्यू जर्सीचे, शून्य हरवलेले. दोन एमबीआयचे, एकात ओ आणि एकात आडव्या रेघा. असे पंधरा झाले तोवर पाच वाजले होते आणि खाली रस्त्यावर पोदेराचा भोंगा वाजायला लागला. मुलगा खाली जाऊन गरम पाव घेऊन आला.

उरले दोन. एकाचे डॉक्टर निवृत्त झालेत, नव्या ऑर्डरसाठी सप्लायरला मेल टाकलाय. दुसऱ्याचा कोड ए८ आहे, म्हणजे दोन रकाने एकमेकांशी जुळत नाहीत, पण कुठले दोन ते अजून सापडलेलं नाही. तो नंबर पुढच्या महिन्याच्या पानावर लिहून ठेवलाय.